बुधवारचे काका: मुलांच्या संस्थेत पहिलं वर्ष कसं काढावं

मी मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर हिशेब लिहितो. वजन, भाव, हमाली, पट्टी, यातच दिवस जातो. दर बुधवारी संध्याकाळी मात्र बीड जिल्ह्यातल्या वडवणी-धारूरकडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका वसतिगृहात जातो. तिथे बहुतेक ऊसतोड मजुरांची मुलं आहेत, काही निराधार आहेत, काहींचे वडील गेलेले आहेत. थोडं शिकवतो, आणि पैसे-धान्य गोळा करायचं काम त्याहून जास्त करतो. नुकतंच वर्ष झालं. मोंढ्यातले चार-दोन जण आता विचारतात, आम्हालाही काही करायचंय, सुरुवात कुठून करायची? दर वेळी चहाच्या टपरीवर तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट ध्यानात घ्या. आपल्याकडे मुलांची गरज आणि देणाऱ्याचा खिसा यांचे हंगाम उलटे असतात. जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा वह्या, दप्तरं, चपला सगळं एकदम लागतं, आणि नेमकं तेव्हाच शेतकऱ्याचं सगळं बी-बियाण्यात आणि खतात गेलेलं असतं. दसरा-दिवाळीला सोयाबीन मोंढ्यात येतं, मागोमाग कापूस, जानेवारीत तूर. हात तेव्हा सैल असतो. पण तेव्हा दिलेलं दिवाळीच्या फराळात आणि फटाक्यांत संपून जातं. कार्यकर्त्याचं निम्मं काम म्हणजे सुगीत मिळालेलं पुढच्या आषाढापर्यंत पोचवणं. बाकीचं निम्मं काम म्हणजे ठरल्या वारी जाणं.

संस्था कशी निवडाल

मराठवाड्यात मुलांसाठी काम करणाऱ्या संस्था एका साच्याच्या नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी नळदुर्गजवळ पन्नालाल सुराणांचं ‘आपलं घर’ उभं राहिलं. शिरूर कासार तालुक्यातल्या आर्वीला ‘शांतिवन’ ऊसतोड मजुरांची आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांची मुलं सांभाळतं. बीडजवळ पालीला ‘इन्फंट इंडिया’ आणि औसा तालुक्यात हासेगावला ‘सेवालय’ एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी आहेत. शिवाय जिल्हा परिषद शाळांमधली हंगामी वसतिगृहं आहेत आणि २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची सरकारी वसतिगृह योजनाही आहे. प्रत्येक ठिकाणची गरज वेगळी. एका जागी शिकवणारा माणूस हवा असतो, दुसरीकडे दवाखान्यात सोबत जाणारा, तिसरीकडे नुसता हिशेब लिहिणारा.

नाव मोठं म्हणून लांबची संस्था धरू नका. एसटीनं किंवा दुचाकीनं तासाभरात पोचता येईल अशीच निवडा. दोन तासांच्या रस्त्यावरचा उत्साह श्रावणातल्या पहिल्या झडीत वाहून जातो.

जायच्या आधी कागद बघा, आणि ते मागायला लाजू नका. धर्मादाय कार्यालयाचा नोंदणी क्रमांक (साधारण ‘एफ’ किंवा ‘ई’ने सुरू होतो आणि कंसात जिल्हा असतो), मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल, आणि अनाथ-निराधार मुलं ठेवत असतील तर बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ४१ खालची नोंदणी. अशी मुलं बालकल्याण समितीच्या आदेशानंच संस्थेत ठेवता येतात. ‘कुणीतरी आणून सोडलं, आम्ही ठेवून घेतलं’ असं कुणी कौतुकानं सांगू लागलं की सावध व्हा. कागद विचारल्यावर ज्याचा चेहरा उतरतो, तिथं चहा घ्या आणि परत या.

कागदांनंतर स्वयंपाकघर. जेवणाच्या वेळी जा. अधीक्षक मुलांच्याच पंगतीला बसून तेच खातात का, हे बघा. संडासाला आतून कडी आहे का बघा, विशेषतः मुलींच्या. नवा माणूस दिसला की सगळी मुलं धावत येऊन गळ्यात पडत असतील, तर तुम्हाला भरून येईल, पण मला आता ते बघून जरा काळजी वाटते. पाहुणे सारखे येतात आणि जातात, अशा जागी मुलांना ती सवय लागते. घरातल्यासारखी राहणारी पोरं अनोळखी माणसाकडे लांबूनच बघतात.

पहिले चार आठवडे

या महिन्यात कॅमेरा न्यायचा नाही, खाऊ न्यायचा नाही आणि शिकवायचंही नाही. मी पहिल्या बुधवारी फळा आणि रंगीत खडू घेऊन गेलो होतो. स्वयंपाकाच्या मावशींनी परात पुढं सरकवली. म्हणाल्या, “काका, आधी लसूण सोला. पोरं कुटं पळून जात न्हाईत.” चार बुधवार लसूण सोलला. तेवढ्यात सगळ्यांची नावं कळली, कोण कोणाचा भाऊ ते कळलं, कोण रात्री रडतं हेही कळलं. मावशीला माहीत नाही असं वसतिगृहात काही नसतं.

याच महिन्यात पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला काढून संस्थेला द्या. संस्थेनं मागितला नाही तरी द्या. तुमच्यामुळे पुढच्या माणसाकडे मागायची पद्धत पडेल. संस्थेचे नियम लेखी मागा. नसतील तर हे चार आपणच पाळा: एकट्या मुलासोबत बंद खोलीत बसायचं नाही, परवानगीशिवाय कुणाला बाहेर न्यायचं नाही, आपला नंबर मुलांना द्यायचा नाही की त्यांचा घ्यायचा नाही, एकाच लाडक्याला वेगळं काही द्यायचं नाही. शेवटचा नियम सगळ्यात अवघड. मला तो अजून नीट जमत नाही.

“बाबा काय करतात?” हा प्रश्न विचारू नका. आपण सहज विचारून जातो. पोरगं खाली बघतं, आणि मग आपल्याला पुढं काय बोलावं सुचत नाही. त्यापेक्षा “बैल आहेत का घरी? नावं काय त्यांची?” असं विचारा. ऊसतोडीच्या घरची पोरं बैलांवर तासभर बोलतात.

आणि वचन देऊ नका. हे मी फार महागात शिकलो. ऑक्टोबरात सोयाबीनची आवक वाढली, रात्री अकरापर्यंत पट्ट्या लिहीत होतो, दोन बुधवार चुकले. जाताना एका चौथीतल्या मुलाला सांगून गेलो होतो की पुढच्या वेळी बुद्धिबळ आणतो. तिसऱ्या आठवड्यात पट घेऊन गेलो तर तो आलाच नाही. मावशी म्हणाल्या, दोन्ही बुधवारी फाटकावर बसून होता. शेवटी समोर आला तो एवढंच म्हणाला, “तुमी मागल्या बुधवारी येतो म्हणले व्हते.” त्यानंतर तीन आठवडे तो पाढे मुद्दाम चुकीचे म्हणायचा. सात आठं चोपन्न. मी दुरुस्त करायचो, तो पुन्हा चोपन्न. तेव्हापासून ‘बघू’, ‘जमलं तर’ असे शब्द मी वसतिगृहाच्या बाहेर ठेवतो. येणार असेन तर सांगतो, नसेन तर अधीक्षकांना फोन करून मुलांना निरोप द्यायला लावतो.

शिकवायचं ठरलंच तर

इयत्ता विसरा. पाचवीतलं मूल अक्षरावर अडलेलं असतं आणि तिसरीतलं गोष्ट वाचतं. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या शालेय पाहणीत वापरतात तीच उतरंड सोपी पडते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. प्रत्येकाला जवळ बसवून पाच मिनिटं वाचायला लावा आणि चार गट करा. दर दोन महिन्यांनी पुन्हा बघा. दर वर्षी पाच-सहा महिने आईबापांसोबत उसाच्या फडावर गेलेल्या मुलांच्या वाचनात मोठी भोकं असतात. त्यांना मंद म्हणू नका, मनातसुद्धा. तांड्यावरून आलेल्या मुलांची घरची बोली गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, असते. पुस्तकातली मराठी त्यांच्यासाठी नवी भाषाच असते.

गणितात मात्र ही पोरं मला गार करतात. एकदा वजाबाकी हातच्यासह कुणालाच जमेना. म्हटलं, मुकादमाकडून (मजुरांच्या ठेकेदाराकडून) साठ हजार उचल (आगाऊ पैसे) घेतली, आजवर सदतीस हजार आठशे फिटले, किती राहिले? दहा वर्षांची मुलगी तोंडानं बोलली, “बावीस हजार दोनशे.” मग तिनंच मला शिकवलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, मोळ्या किती बांधल्या, खेप किती टनाची भरली, वाढं (उसाचे शेंडे) विकून वरचे किती आले. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहून आईबापांचा हिशेब ऐकतच ती मोठी झालेली. तेव्हापासून आमची गणितं टनांत, मोळ्यांत आणि मोंढ्याच्या पट्टीत असतात. पुस्तकातला ‘राम दुकानात गेला’ अजून आलेला नाही. पण व्याजाचं गणित घेताना जरा जपून. एका मुलानं विचारलं, “काका, मग उचल फिटत का न्हाई?” त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पैसे मागायच्या आधी

माझा स्वभाव हिशेबनिसाचा, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

‘मुलांसाठी मदत करा’ असं मागितलं की लोक शंभराची नोट काढतात आणि सुटल्यासारखे होतात. नेमकं काय हवंय ते सांगितलं की माणूस विचार करतो. म्हणून आधी स्वयंपाकघराचा हिशेब मांडा. आमच्याकडे पावसाळ्यात ४५ मुलं असतात आणि दिवाळीनंतर ८०. एका मुलाला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम धान्य धरलं तर ८० मुलांना ३२ किलो, महिन्याला ९६० किलो. म्हणजे पन्नास किलोचे एकोणीस-वीस कट्टे. तूरडाळ ५० ग्रॅमप्रमाणे महिन्याला १२० किलो. तेल २५ ग्रॅमप्रमाणे ६० किलो, म्हणजे पंधरा किलोचे चार डबे. हे आकडे तोंडपाठ करा. आडत्याला “देणगी द्या” म्हणण्यात आणि “शेठ, डिसेंबरचे दोन डबे तेल तुमचे धरू का?” म्हणण्यात फार फरक आहे. दुसऱ्या प्रश्नाला मला एकदाही ‘नाही’ असं उत्तर मिळालं नाही. एकदा मात्र एकच डबा मिळाला.

आता कायद्याचं. पैसे घ्यायचे ते संस्थेच्याच पावतीपुस्तकावर. मित्रमंडळ म्हणून स्वतंत्र डबा फिरवायचा असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं दर वर्षी वर्गणीसाठी घेतात तीच. नवख्यानं त्या भानगडीत पडू नये. संस्थेकडून पावतीपुस्तक सही करून घ्यावं, किती पावत्या नेल्या ते लिहून ठेवावं आणि परत करताना रद्द पावतीसुद्धा फाडून टाकू नये.

ऑनलाइन पैसे फक्त संस्थेच्या खात्यावरच्या क्यूआरवर. हे मी ठळक अक्षरात लिहायला हवं, कारण माझीच चूक आहे. जूनमध्ये वह्यांसाठी घाईनं माझ्या स्वतःच्या नंबरवर पैसे मागवले. बावीस जणांनी दिले. त्यातच मेहुण्यानं उसने परत केलेले अठराशे आले, बायकोनं गॅसचे पैसे वळवले. महिन्याअखेरीस वह्या बरोबर आल्या, पण कोणते अठराशे कोणाचे, हे सांगताना मोंढ्यात माझी जी अवस्था झाली ती आठवली की अजून कान तापतात. चोरी कुणी म्हटलं नाही. फक्त एक जण हसला. आमच्या जिल्ह्यात पतसंस्थांत आणि मल्टिस्टेट सोसायट्यांमध्ये ठेवी अडकलेली माणसं गल्लोगल्ली आहेत. पैशाच्या बाबतीत त्यांचा विश्वास एका हसण्याइतकाच पातळ राहिलाय. तो जपायचा तर पावती जागेवर फाडायची, घरी जाऊन नाही.

प्राप्तिकराच्या सवलतीबद्दल लोक ‘८०जी आहे का’ असं विचारतील. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा लागू झाल्यानं कलमांचे क्रमांक बदललेत, पण तोंडी ८०जीच राहणार. संस्थेला ती मान्यता असेल तर साधारणपणे देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, रोखीनं दोन हजारांपेक्षा जास्त दिलं तर त्या रोख रकमेची मिळत नाही, आणि जुनी कररचना निवडणाऱ्यालाच मिळते. आता बहुतेक पगारदार नव्या रचनेत आहेत, तेव्हा हे गाजर दाखवत फिरू नका. मागणाऱ्यासाठी पावतीवर पॅन आणि पूर्ण पत्ता तेव्हाच लिहून घ्या. मार्चनंतर शंभर जणांना फोन करून पॅन विचारण्यासारखं दुसरं कंटाळवाणं काम नाही.

पुण्या-मुंबईचे नातेवाईक सोपे, परदेशातले जरा अवघड. अमेरिकेतला पुतण्या भारतीय पासपोर्टवर असेल आणि आपल्या कमाईतून बँकेमार्फत देत असेल तर अडचण नाही. त्यानं तिथलं नागरिकत्व घेतलं असेल, तर तो पैसा परदेशी देणगी ठरतो. त्यासाठी संस्थेची एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची) नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. छोट्या संस्थेकडे हे सहसा नसतं. अशा वेळी त्याला प्रेमानं नाही म्हणावं.

कुणाकडे आणि कधी

मोंढा हे माझं घर, म्हणून तिथून सुरुवात केली. तुमचं घर शाळा असेल, दवाखाना असेल, बचत गट असेल. जिथं तुम्हाला नावानं ओळखतात तिथंच आधी मागा. मला वाटलं होतं शेठ लोक जास्त देतील. हमालांनी जास्त दिलं. महिन्याला प्रत्येकी वीस रुपये, न चुकता, त्यांच्यातलाच एक गोळा करून आणतो. शेठ दिवाळीला मोठा आकडा देतात आणि विसरतात. दोन्ही हवेत, पण महिन्याच्या दुधाचं बिल वीस-वीस रुपयांवर चालतं. कायम नोकरीतल्या शिक्षकांनाही दरमहा शंभर रुपये बँकेतून आपोआप वळते करायला सांगा. एकदा सूचना दिली की कुणी थांबवत नाही.

धान्यासाठी वेळ पाळावी लागते. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढतात, गहूही त्याच सुमारास. तेव्हा खळ्यावर गेलं की शेतकरी रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. पायलीभर देणारा असतो, कट्टा देणाराही असतो. मी पावती पायलीची सुद्धा करतो. आणलेलं धान्य दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, फळीवर रचा. जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका. पहिल्या वर्षी आम्ही चार कट्टे भिंतीला लावून ठेवले आणि श्रावणात त्यांना सोंडे लागले. दात्याला ते सांगताना जीभ वळत नव्हती, पण सांगितलं.

कपड्यांबद्दल स्पष्ट सांगतो: जुने कपडे मागूच नका. एकदा हाक दिली की फाटक्या साड्या, चेन तुटलेल्या पँटी आणि एकुलते एक मोजे पोत्यानं येतात. ते निवडण्यात दोन रविवार जातात. मागायचं असेल तर मापं लिहून नवी अंतर्वस्त्रं, चपला, मुलींसाठी पॅड, अंगाचा आणि कपड्यांचा साबण. हे कुणी आपणहून देत नाही, कारण याचा फोटो चांगला येत नाही.

तिथीवहीचं मात्र मनापासून सांगतो, कारण तिनं आमचं वर्ष तारलं. ३६५ ओळींची एक वही घ्या. एक ओळ, एका दिवसाचं जेवण, एक घर. वाढदिवस, लग्नाचा दिवस, वर्षश्राद्ध. पहिल्या दोन महिन्यांत २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १७ सप्टेंबर आणि दिवाळीचे चार दिवस भरून गेले; आषाढात आणि मेच्या सुरुवातीला सगळी पानं कोरी. पितृपक्षात तर गर्दी. गेल्या भाद्रपदात पंधरा दिवसांत नऊ वेळा जिलबी आणि खीर झाली, पोरांची पोटं बिघडली, आणि पुढच्या महिन्यात तेलाला पैसे नव्हते. मग मी लोकांच्या पाया पडून तिथ्या हलवल्या. “अण्णा, वडिलांच्या नावानं पान तर वाढूच, पण पक्षात साधं वरणभात राहू द्या, आणि बाकीचं आषाढात द्या. भुकेच्या वेळचं त्यांनाही जास्त पोचेल.” सात जणांनी ऐकलं. एका आजींनी मला चांगलंच झापलं. त्यांची तिथी होती तिथंच ठेवली.

वाढदिवसवाल्यांना एक विनंती करावी लागते. केक आणा, पण पोरांना हात जोडून ओळीत उभं करून ‘हॅपी बर्थडे’ म्हणायला लावू नका. पंगतीला बसा. आपलं लेकरूही त्या मुलांच्या शेजारी बसवा, वेगळ्या खुर्चीवर नाही.

कंपन्यांचं थोडक्यात. वाळूज, शेंद्रा, जालन्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कंपन्यांकडे सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठीचा, निधी असतो, पण त्यासाठी संस्थेचा सीएसआर नोंदणी क्रमांक लागतो आणि प्रस्ताव, अहवाल, भेटी असा मोठा पसारा असतो. पहिल्या वर्षी त्यात पडू नका. संस्थेत कुणी जाणतं असेल तर त्यांना कागद जुळवून द्या, तेवढं पुष्कळ झालं.

दिवाळी ते पाडवा

दसरा झाला की गावागावांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात, काही दिवाळी करून निघतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक. ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रीचे भरतात. त्या आठवड्यात वसतिगृहाची मुलं जवळपास दुप्पट होतात, आणि नवख्या कार्यकर्त्याची खरी परीक्षा तेव्हाच असते.

पहिले दहा दिवस नवी पोरं रात्री रडतात. त्यांना गप्प करायला जाऊ नका, शेजारी बसा. जुन्या मुलांमधला एकेक जण प्रत्येक नव्याला जोडून द्या. फडावर फोनची रेंज असते, नसते. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी ठरल्या वेळी संस्थेच्या फोनवरून बोलणं होतं, आणि आईबापाच्या फोनला रिचार्ज नसेल तर तेही आम्ही मारतो. यासाठी कुणीतरी वेगळी देणगी द्यावी असं मला फार वाटतं, पण मागताना लोक ‘रिचार्ज?’ म्हणून हसतात.

याच काळात खरूज येते. एकाला झाली की आठवड्यात पूर्ण खोली खाजवत असते. डॉक्टरांनी दिलेलं औषध सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं, ज्यांना खाज नाही त्यांनाही, आणि पांघरुणं-कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावे लागतात. त्या दिवशी वीस हात लागतात. शिकवायला येणारे पुष्कळ भेटतात. मी मोंढ्यातून पांघरुणं धुवायला सहा जण नेले, तेवढी मदत वर्षभरात दुसरी कुठली झाली नसेल.

फोटो, आणि फोटोपेक्षा गंभीर गोष्ट

संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, चेहरा, शाळा, पत्ता प्रसिद्ध करायला बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नं मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांबाबत २०१७ चा स्वतंत्र कायदाही आहे. व्हॉट्सॲपचा स्टेटस हेही प्रसिद्ध करणंच. दात्याला दाखवायचं तर रचलेल्या वह्या दाखवा, भाकरी थापणारे हात दाखवा, पाठमोरी पंगत दाखवा. कुणी चेहऱ्यासाठी हट्ट धरला तर कायद्याचं नाव घ्या. आपल्यावर राग येत नाही, कायद्यावर येतो.

कधी एखादं मूल तुम्हाला असं काही सांगेल की पोटात खड्डा पडेल. कुणी हात लावला, कुणी मारलं. तेव्हा ‘कुणाला सांगणार नाही’ असं म्हणू नका, कारण सांगावंच लागणार आहे. खोदून प्रश्न विचारू नका. ऐका, त्याचे शब्द त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा, आणि १०९८ या चाइल्डलाइनवर किंवा पोलिसांना कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तरी कळवणं पॉक्सो कायद्यानं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं गुन्हा आहे. ‘संस्थेचं नाव खराब होईल’ असं सांगणारा कुणी भेटेलच. त्याला विचारून मग कळवायचं, असं करू नका.

उन्हाळा, हिशेब आणि निरोप

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळा आपल्याकडे काय असतो हे कुणाला सांगायला नको. टँकरचे पैसे फेब्रुवारीतच बाजूला काढा आणि टाकी धुऊन घ्या. एप्रिलमध्ये टँकरवाल्याकडे घासाघीस करायला जागा उरत नाही.

३१ मार्चला संस्थेचं वर्ष संपतं. त्याआधी पावतीपुस्तकं परत करा, वापरलेली आणि कोरी मोजून. मग एक पानी हिशेब लिहा: किती आलं, कशावर गेलं, किती उरलं, काय वाया गेलं. आमच्या पानावर सोंडे लागलेले चार कट्टेही आहेत. ते पान वीस रुपयांवाल्या हमालालाही द्या आणि मोठ्या शेठलाही, दोघांना सारखंच. मोंढ्यात ते वजनकाट्याजवळच्या भिंतीवर चिकटवलं. उरलेली रक्कम जूनच्या वह्यांसाठी आहे, असं त्यावर खाली लिहिलं.

पाडव्याच्या सुमारास टोळ्या परततात. आईबाप मुलांना न्यायला येतात, काही जण दोन दिवस आधीच येऊन फाटकाबाहेर लिंबाखाली बसतात. त्या दिवशी कार्यकर्त्यानं मागे राहावं. त्यांना चहा द्या, पोराचं वाचन ऐकवा, आणि बाजूला व्हा.

तुम्हाला कधी थांबायचं असेल, बदली झाली, घरात आजारपण आलं, तर एक महिना आधी मुलांना स्वतः सांगा. तुमच्या जागी येणाऱ्याला चार बुधवार सोबत न्या, आणि पहिल्या बुधवारी त्याच्यापुढं लसणाची परात सरकवा. त्या चौथीतल्या मुलाला मी विचारलं होतं, मी नाही आलो तर दुसरे काका चालतील का? म्हणाला, “बुद्धिबळ येतं का त्यांना?”